यंत्राला अंगठा फुटला तेव्हा

‘पोकलेन’ हा शब्द माढा तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. विहीर घ्यायची, शेततळे काढायचे, माळ फोडायचा, की पहिले वाक्य ठरलेले : पोकलेन बोलवा. हे मुळात एका फ्रेंच कंपनीचे नाव. जॉर्ज बाताय यांनी १९२७ मध्ये ती सुरू केली तेव्हा ती शेतीच्या यंत्रांचे काम करत असे. तेलाच्या दाबावर चालणारे तिचे पहिले उत्खनन यंत्र १९५१ मध्ये आले. भारतात लार्सन अँड टुब्रोने तिच्या सहकार्याने अशी यंत्रे बनवली, आणि ती रस्त्यांच्या, धरणांच्या, कालव्यांच्या कामांवर पोहोचली. पुढे त्या फ्रेंच कंपनीचा उत्खनन यंत्रांचा व्यवसाय अमेरिकी केस कंपनीकडे गेला. मराठीत मात्र ते नाव मुक्कामाला राहिले, आणि आता जपानी किंवा कोरियन यंत्रालाही आपण पोकलेनच म्हणतो. ‘जेसीबी’चेही तसेच. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज गृहस्थांच्या नावाची ती आद्याक्षरे. त्यांनी १९४५ मध्ये धंदा सुरू केला आणि आज ती अक्षरे आपल्याकडे सामान्यनाम झाली आहेत.

या दोन्ही शब्दांत आपल्याला ऐकू येते ते खोदणे. पण यंत्र चालवणाऱ्याला विचारा, तो सांगेल की खोदणे हे निम्मे काम. उरलेले निम्मे म्हणजे उचलणे, धरून ठेवणे आणि हव्या त्या जागी सोडणे. बकेटने माती उचलता येते, कारण माती बकेटीत बसते. दगड बसत नाही, तो दातांवरून घरंगळतो. काटेरी झुडूप बसत नाही. ऊस तर मुळीच बसत नाही. म्हणून टेंभुर्णीसारख्या ठिकाणी, जिथे पुणे–सोलापूर महामार्गाला अकलूज, पंढरपूर, करमाळा आणि कुर्डुवाडीकडचे रस्ते मिळतात आणि जिथे यंत्रदुरुस्तीचे शेड रस्त्याच्या दुतर्फा आहेत, तिथे छोटे यंत्र घेतलेल्या तरुणांपुढे एक प्रश्न हमखास असतो : बकेटला समोरून अंगठा बसवायचा, की बकेट काढून तिथे पंजाच लावायचा? आणि पंजा घ्यायचा तर कोणता?

प्रश्न वरवर पाहता दुकानातला आहे. पण त्यामागे बराच इतिहास आहे. यंत्राच्या प्रत्येक पकडीला तिचा आकार एखाद्या विशिष्ट मालाने दिला आहे, आणि त्या मालापाशी आधी माणसाचा हात होता. तो हात कुणाचा आणि तो काय करत होता, हे कळल्याशिवाय पकड निवडता येत नाही, असे माझे म्हणणे आहे.

नाडा आणि सोंदूर

भीमेच्या खोऱ्यातली जमीन वर काळी, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण. उजनीचे पाणी येण्यापूर्वी इथली बागायत विहिरीवर होती, आणि विहीर म्हणजे हाताचे काम. पहार, टिकाव, छिन्नी, घण आणि सुरुंग ही हत्यारे. दगडाच्या कामात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला वडार समाज या खोदाईच्या केंद्रस्थानी होता. त्यांच्यातली मातीवडार, गाडीवडार, पाथरवट ही नावेच सांगतात की माती खणणे, दगड वाहणे आणि दगड घडवणे ही तीन वेगवेगळी कौशल्ये मानली जात. दगड कुठे धरायचा, पहार कुठे घालायची, कोणत्या बाजूने तो आपसूक उलटेल, हे ज्ञान हातात होते, कागदावर नव्हते.

सुरुंग उडाल्यावर विहिरीच्या तळाशी पडलेला माल वर आणणे हे सर्वांत जिकिरीचे. घमेल्यांची साखळी, नंतर दोर आणि रहाट, त्यानंतर डिझेल इंजिनवर चालणारी यारी. क्रेनला मराठीत यारी म्हणतात, आणि आपल्या भागात हा शब्द विहिरीवरच्या त्या उभ्या खांबाच्या, फिरत्या हाताच्या यंत्राशी जोडला गेला. यारीने वर ओढण्याचे कष्ट संपवले. तळाशी मात्र दगड बादलीत भरणारी माणसे तशीच राहिली. म्हणजे यंत्राला बाहू आला, बोटे आली नाहीत.

याच विहिरीच्या काठावर आणखी एक यंत्र होते, ज्याला आपण यंत्र म्हणत नाही : मोट. सोंडेच्या मोटेला दोन दोर असत. जाड दोर तो नाडा. तो वरच्या चाकावरून जाई आणि सगळे वजन पेली. बारीक दोर तो सोंदूर. तो खालच्या लाटेवरून जाई आणि मोटेची सोंड वर दुमडून धरी. बैल धावेवरून खाली उतरले की मोट वर येई. तोंड चाकाजवळ पोहोचले की सोंड खालच्या अंगाने थारोळ्यावर ओढली जाई आणि पाणी आपोआप मोकळे होई. तिथे हात लावायला माणूस लागत नसे. एका दोराने भार वाहायचा आणि दुसऱ्याने तोंडावर ताबा ठेवायचा, ही त्यातली युक्ती. ती इथे लक्षात ठेवावी, कारण पुढे लोखंडी पंजातही ती भेटणार आहे.

झाम ते ग्रॅब

आता थोडे उत्तरेकडे जाऊ, कारण पकडीच्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान तिथे लिहिले गेले. गंगेच्या खोऱ्यात पाया घ्यायला खडक नाही, वाळू आहे. तिथे विटांची पोकळ विहीर बांधायची आणि आतली वाळू काढत काढत ती खाली उतरवायची, ही जुनी देशी पद्धत. १८४२ ते १८५४ या काळात झालेल्या गंगा कालव्याच्या कामात तिचा मोठा उपयोग झाला. रुडकीजवळच्या सोलानी जलसेतूचा पाया असाच विहिरींवर आहे. आतली वाळू काढायला हत्यार होते ‘झाम’ : मोठ्या कुदळीसारखे आडवे रुंद पाते, त्याला दोर बांधलेला. पाणी लागले की पाणबुड्या बुडी मारून ते पाते वाळूत रुतवी, आणि वरची माणसे रहाटाने ते ओढून घेत. श्वास टिकेल तेवढाच वेळ एका खेपेला. झाम उपसण्याची ताकद वरून येई, पण वाळूत रुतवणारा हात खालीच लागे.

रेल्वेचे पूल आले तेव्हा पाये खोल जाऊ लागले आणि एवढ्या खोलीवर पाणबुड्या पुरेनासा झाला. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातल्या रेल्वेपुलांवर, उघडझाप करणाऱ्या दोन पाळ्यांची लोखंडी उपसणी वापरात आली. जवळपास त्याच काळात इंग्लंडमधल्या हल शहरात विल्यम डेंट प्रीस्टमन यांच्या कारखान्याकडे वेगळेच काम आले. १७०२ मध्ये स्पेनच्या व्हिगो उपसागरात लढाईत बुडालेल्या जहाजांवरचा खजिना वर काढायचा होता. त्यासाठी त्यांनी समुद्रतळाशी जाऊन मिटणारा पंजा तयार केला. खजिना काही गवसला नाही, पंजा मात्र गवसला. गोद्या आणि बंदरे साफ करायला, कोळसा उतरवायला तो जगभर गेला.

या पंजाला दोन दोर. एक धरणारा, एक मिटवणारा. धरणाऱ्या दोरावर वजन असेपर्यंत जबडा उघडा राहतो. माल टेकला की मिटवणारा दोर ओढायचा, जबडा कप्प्यांच्या जोरावर मिटतो. वर आणल्यावर वजन पुन्हा धरणाऱ्या दोरावर द्यायचे आणि दुसरा सैल सोडायचा, की माल मोकळा. नाडा आणि सोंदूर यांची आठवण आपल्याला व्हावी असेच हे आहे. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे मी म्हणत नाही. तळ दिसत नाही आणि हात पोहोचत नाही, अशा जागी काम करणाऱ्या माणसांना दोन ठिकाणी सुचलेली ती एकाच जातीची युक्ती आहे.

माल बदलला तसा पंजाही बदलला. वाळू आणि कोळशाला शिंपल्यासारख्या दोन पाळ्या पुरल्या. दगडगोटे मध्ये अडकून पाळ्या उघड्या राहू लागल्या, तेव्हा सोललेल्या संत्र्याच्या फोडींसारख्या, स्वतंत्र मिटणाऱ्या पाकळ्यांचा पंजा आला. एक पाकळी दगडावर अडली तरी बाकीच्या मिटतात. भंगाराच्या आवारात आज तोच दिसतो. लाकडाला लांब वाकडी नखे, एकमेकांना चुकवून आत जाणारी. प्रत्येक आकाराच्या मागे असा एखादा अडलेला माल आहे.

वजनाकडून दाबाकडे

दोरावरच्या या पंजांना एक मर्यादा होती. ते स्वतःच्या वजनाने मालात घुसत, म्हणून ते जड असावे लागत, आणि नेहमी ओळंब्यात लटकत. बाजूने काही धरणे त्यांना जमत नसे. ही मर्यादा तोडली ती तेलाच्या दाबाने. जोसेफ ब्रामा यांनी १७९५ मध्ये द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या दाबयंत्राचे पेटंट घेतले होते. ते तत्त्व खोदाईच्या यंत्रात पूर्णपणे उतरायला दीडशे वर्षे लागली. पोकलेनचे महत्त्व इथे आहे. यंत्राच्या हाताच्या टोकापर्यंत दाबाखालचे तेल पोहोचले, त्यामुळे टोकाला मनगट आले आणि पकडीला स्वतःच्या वजनाची गरज उरली नाही. मग जपानी कारखान्यांनी १९७०च्या आसपास ही यंत्रे लहान केली. अरुंद गल्लीत, घराच्या परसात, फळबागेच्या ओळीत जाईल एवढे यंत्र झाले. आज आपल्याकडे अशी छोटी यंत्रे क्रेनने थेट विहिरीच्या तळाशी उतरवली जातात. यारीच्या काळात तळाशी वाकलेल्या माणसांची जागा आता हे यंत्र घेते. म्हणून त्याच्या टोकाला काय लावायचे, हा प्रश्न आता छोट्या यंत्राच्या मालकापुढे येऊन ठेपला आहे.

उसाची उचल

टेंभुर्णीच्या आसमंतात हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो उसापाशी. १९३०च्या दशकात माळीनगरला सासवड माळी शुगर फॅक्टरी आणि श्रीपूरला बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेट उभे राहिले तेव्हा ऊस नीरेच्या कालव्याकाठी होता. उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. एकूण सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचा हा जलाशय टेंभुर्णीच्या उशाशीच आहे. त्यानंतर ऊस माढा, करमाळा, पंढरपूर या तालुक्यांत पसरला, आणि साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर राज्यात आघाडीवर गेले.

कारखान्याच्या आवारात यंत्राची पकड लवकर आली. बैलगाडीतल्या किंवा ट्रकमधल्या उसाखाली आधीच साखळ्या किंवा तारदोर टाकायचे आणि यारीने अख्खा भार उचलून गव्हाणीकडे न्यायचा, ही रीत. त्यात पंजा नाही, फास आहे. पुढे नखांचे पंजेही आले. शेतात मात्र हातच राहिला. कोयत्याने तोडायचे, वाढ्याने मोळी बांधायची, मोळी डोक्यावर घ्यायची आणि लाकडी फळीवरून तोल सांभाळत ट्रकवर चढायचे. नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. हंगामाआधी मुकादमाकडून ही जोडी जी आगाऊ रक्कम घेते तिला ‘उचल’ म्हणतात. ती उचल फेडायची म्हणजे मोळ्यांची उचल करायची. तोडणीपेक्षा भरणी अवघड, कारण ती दिवसाच्या शेवटी येते आणि पुष्कळदा रात्री येते, गाडी येईल तेव्हा.

इथे छोट्या यंत्राचा पंजा आला तर मानेवरचा भार जाईल, यात शंका नाही. पण दोन गोष्टी त्याच्याबरोबर येतात. पहिली मालाची. हवाई बेटांवर १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून ऊस यंत्राने ढकलून पंजाने भरायला सुरुवात झाली, आणि युद्धकाळात मजूर कमी पडल्यावर ती पद्धत पक्की झाली. पंजाने उसाबरोबर माती, दगड, पाचट सगळेच उचलले. मग ऊस धुण्यासाठी कारखान्यांना मोठी यंत्रणा उभारावी लागली, आणि धुताना थोडी साखर पाण्याबरोबर गेली. मजुराचा हात मोळी बांधताना नकळत निवड करतो. माती झटकतो, दगड टाळतो. पंजा निवड करत नाही. शिवाय आपल्याकडे तोडणीनंतर त्याच बुडख्यांवर खोडवा घ्यायचा असतो. यंत्राच्या साखळीपट्ट्याने बुडखे चेंगरले, किंवा पंजाच्या नखांनी उपटले, तर पुढच्या वर्षाचे नुकसान आजच होते.

दुसरी गोष्ट मजुरीची. कोयत्याला दर मिळतो तो टनावर, आणि त्यात तोडणीबरोबर मोळी बांधणे आणि भरणे हेही येते. भरणी यंत्राकडे गेली तर दरातला तो वाटा कोणाचा? यंत्रमालकाचा, वाहतूकदाराचा, की भार कमी झाला तरी दर तसाच ठेवून कोयत्याचा? हा प्रश्न पंजा विकणारा विचारणार नाही. गावाने, कारखान्याने आणि मुकादमाने तो आधी विचारला पाहिजे. नाहीतर मानेवरचा भार उतरेल आणि डोक्यावरची उचल तशीच राहील.

निवड

आता मूळ प्रश्नाकडे. छोट्या यंत्राचा मालक या परिसरात चार प्रकारचा माल हाताळतो : विहिरीचा आणि बांधाचा दगड, पडीक रानातली वेडी बाभूळ, ऊस, आणि पाडकामाचा किंवा कारखान्यांचा भंगार माल.

दगडासाठी अंगठा चांगला. बकेटचे दात चार बोटांसारखे आणि समोर तो. यात दोन जाती आहेत. एक साधा, खिळीने ठरावीक कोनात अडकवायचा. दुसरा तेलाच्या सिलिंडरवर हलणारा. साधा स्वस्त आहे, पण दगडाचा आकार बदलला की उतरून खिळी बदलावी लागते. दोन्हींत पाहायचे ते एकच : अंगठ्याचे टोक आणि बकेटचे दात एकाच वर्तुळात फिरून समोरासमोर भेटतात का. झटपट बकेट बदलायचा जोड मध्ये बसवला की बकेट काही इंच पुढे जाते आणि टोके चुकतात. मग दगड निसटतो. अंगठ्याचा मोठा गुण असा की खोदणे थांबत नाही. तो हाताच्या मागे दुमडून ठेवायचा आणि बकेट पुन्हा बकेट होते.

वेडी बाभूळ आणि ऊस यांना लांब, वाकडी, अंतरा-अंतरावरची नखे हवीत. फटींतून माती गळून जावी, हा त्यामागचा हेतू. भंगाराला पाकळ्यांचा पंजा. हे सगळे पंजे बकेट काढून लावावे लागतात, म्हणजे तेवढा वेळ खोदाई बंद. स्वतःभोवती फिरणारा पंजा सोयीचा, कारण उसाची मोळी किंवा लाकूड गाडीच्या लांबीत फिरवून ठेवता येते. पण त्याला मिटण्यासाठी एक आणि फिरण्यासाठी दुसरी अशा तेलाच्या दोन वाटा लागतात. छोट्या यंत्रावर दुसरी वाट नसेल तर ती बसवण्याचा खर्च पंजाच्या किमतीत धरला पाहिजे.

आणि वजन. यंत्राच्या पुस्तिकेत उचलण्याचा तक्ता असतो. त्यातला आकडा म्हणजे यंत्र कलंडेल त्या वजनाच्या ७५ टक्के, किंवा तेलाच्या दाबाच्या ताकदीच्या ८७ टक्के, यांतला जो कमी तो. समजा हात पूर्ण लांबवल्यावर तो आकडा ४०० किलो आहे आणि पंजाच १५० किलोचा आहे. उरले २५०. काळ्या पाषाणाचा दीड फूट लांब, रुंद आणि उंच ठोकळा भरतो सुमारे २७० किलो. म्हणजे दिसायला मांडीएवढा वाटणारा दगड त्या यंत्राला त्या अंतरावर पेलणार नाही. पंजा जितका भारी तितका माल कमी, हे दुकानात कळत नाही, बांधावर कळते. शिवाय यंत्र पुढच्या पात्याच्या बाजूला जितके स्थिर असते तितके आडव्या बाजूला नसते. तेलाची नळी फुटली तरी पकड सुटू नये म्हणून सिलिंडरवर रोधक झडप आहे का, हेही पाहावे. विहिरीच्या तळाशी माणसे असतील तर ती झडप चैनीची गोष्ट नव्हे. आणि झडप असली तरी उचललेल्या मालाखाली कुणी उभे राहू नये, हा नियम यारीच्या काळातला आहे आणि आजही तोच आहे.

म्हणून माझे मत असे : ज्याला वर्षभर मिसळ कामे मिळतात, दोन दिवस विहीर, चार दिवस बांध, एक दिवस झुडपे, त्याने आधी बकेट ठेवून अंगठा घ्यावा. एखाद्या मालाचे सबंध हंगामाचे काम हातात असेल तेव्हाच त्या मालाचा पंजा घ्यावा. कर्जाचा हप्ता दर महिन्याला येतो, आणि हंगाम वर्षातून एकदा.

तरीही शेवटचा शब्द मालाचा आहे आणि मालाला सर्वांत जास्त ओळखणाऱ्या माणसाचा आहे. दगड कोणत्या अंगाने धरावा हे ज्या वडार म्हाताऱ्याला ठाऊक आहे, मोळीतून माती कशी झटकावी हे ज्या ऊसतोड बाईच्या हाताला ठाऊक आहे, त्यांना पंजा घेण्यापूर्वी कुणी विचारत नाही. गंगेच्या पाणबुड्यालाही कुणी विचारले नसेल. पण आजवरची प्रत्येक चांगली पकड अशाच एखाद्या हाताचे काम नीट पाहिल्यावर जन्मली आहे. टेंभुर्णीच्या शेडमध्ये लोखंड कापून, वेल्डिंग करून नवी नखे घडवणारे कारागीर आहेत. त्यांनी फडात जाऊन एक रात्र भरणी पाहिली, तर उसाला आणि खोडव्याला मानवेल असा पंजा इथेही घडू शकेल. त्यासाठी व्हिगोचा खजिना शोधायला नको.